केल्सेनंतरची फळी

फिलाडेल्फिया,
ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तुझे ईगल्स यंदा काय दिवे लावणार? तेवढ्यात आईने फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं. आता आमच्या या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल सविस्तर लिहिते.

इथे सगळीकडे एकच नाव ऐकू येतं, सॅक्वॉन बार्कली. न्यूयॉर्क जायंट्स संघाचा, चेंडू घेऊन पळणारा हा गडी मार्चमध्ये आपल्याकडे आला. अव्वल आहे, वाद नाही. पण त्याला पळायला वाट करून देणारे पाच जण वेगळेच असतात. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. यांतल्या चौघांचा चेंडूशी जवळजवळ संबंधच येत नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे मागे उभा राहून चाल चालवणारा खेळाडू, चेंडू फेकणार असेल तर त्याच्यापुढे भिंत धरायची, बार्कली पळणार असेल तर समोरच्याला बाजूला रेटून फट पाडायची. माझ्या मते ईगल्सचं यंदाचं भवितव्य या फळीवर ठरेल, आणि नेमका तिचा कणाच मार्चमध्ये निवृत्त झाला.

जेसन केल्से. २०११ साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर निवडला गेलेला सेंटर. तेरा मोसम एकाच संघात खेळला, साखळीत सलग १५६ सामन्यांना पहिल्यापासून उभा राहिला. सेंटरच्या मानाने तो अंगाने लहानच, पण पळण्यात असा चपळ की समोरच्या पहिल्या फळीला चुकवून त्यामागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्या गड्याला, जाऊन भिडायचा. मला त्याची उणीव भासणार आहे ती मात्र ताकदीसाठी किंवा पळण्यासाठी नव्हे. स्नॅपच्या आधी, म्हणजे सेंटर चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देऊन खेळ सुरू करतो त्याआधी, समोरचे कुठे उभे आहेत, कोण धावून येण्याच्या बेतात आहे, कोण नुसती हूल देतोय, हे ओळखून बाकीच्या चौघांना कुणी कुणाला धरायचं ते तो ओरडून सांगायचा. या सगळ्याला हातात काही सेकंद असतात, आणि परक्या मैदानावर कानठळ्या बसवणारा गोंगाट. गेल्या मोसमात ११ पैकी १० सामने जिंकून पुढे ईगल्स कसे कोसळले ते मी तुम्हाला रडत सांगितलं होतं. बाद फेरीत टॅम्पा बे संघाने ३२-९ ने घरी पाठवलं. त्या पडत्या काळात समोरच्यांनी ब्लिट्झ लावला, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं अंगावर सोडली, की आपल्याकडे उत्तर नसायचं. आणि तेव्हा तर केल्से मैदानात होता! म्हणून यंदा माझी पहिली परीक्षा ब्लिट्झची.

त्याच्या जागी कॅम जर्गन्स येतोय. २०२२ च्या निवडीआधी संघाने केल्सेलाच तरुण सेंटर बघून सांग म्हटलं होतं, आणि त्याने ज्याच्यात स्वतःला पाहिलं तो हाच मुलगा. पहिलं वर्ष तो बहुतेक बाकावर बसून शिकला, दुसऱ्या वर्षी केल्सेच्या शेजारी उजव्या गार्डच्या जागी खेळला. इतक्या जवळून शिकायला मिळालेला दुसरा सेंटर या लीगमध्ये शोधून सापडणार नाही. पायांचं मला भय नाही. डोकं किती झटपट चालतं ते खऱ्या सामन्यातच कळेल.

डाव्या बाजूची काळजी नाही. जॉर्डन मायलाटा हा सिडनीचा सामोअन पोरगा, उंची सहा फूट आठ इंच, वजन १६५ किलोच्या घरात. रग्बी लीग खेळायचा. २०१८ मध्ये ईगल्सने त्याला घेतलं तेव्हा अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो खेळलेला नव्हता. शेजारी लँडन डिकरसन. दोघांचे करार याच वर्षी वाढवले. उजव्या टोकाला लेन जॉन्सन अजून भक्कम आहे, पण चौतिशीत आलाय, आणि तो नसला की ईगल्सचं काय होतं ते आम्ही पुष्कळ वेळा भोगलंय.

खरा प्रश्न जर्गन्सने रिकाम्या केलेल्या जागेचा, म्हणजे उजव्या गार्डचा. टायलर स्टीन आहे, पण सरावात तिथे मेखाय बेक्टनलाही उभं करून बघतायत. २०२० मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाने त्याला ११ व्या क्रमांकावर घेतलं होतं, पुढे गुडघ्याने दोन वर्षं खाल्ली. देह मायलाटाएवढाच, पण जन्मभर टॅकल खेळलेला. टॅकलला बाजूला मोकळी जागा असते, लांब हातांनी माणूस दूर ठेवता येतो. गार्डला दाटीत लढावं लागतं, समोरचा थेट छातीवर येतो, आणि इतका उंच माणूस जरा ताठ राहिला की खालून उचलला जातो. तुम्ही तालमीत नव्या पोराचे दंड न बघता आधी बैठक आणि पाय बघता ना, इथेही तसंच बघायचं. पहिली दोन पावलं छोटी आणि जमिनीलगत पडली, गुडघे वाकलेले राहिले, तर बेक्टन ती जागा घेईल असं मला वाटतं.

माझा भरवसा आहे तो फळीचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांच्यावर. २०१३ पासून ही फळी तेच घडवतायत. रग्बीतल्या मायलाटाला त्यांनीच टॅकल केलं, आणि तो सामन्याआधी टीव्हीवर कॉलेजचं नाव सांगताना "जेफ स्टाउटलंड युनिव्हर्सिटी" म्हणतो.

सराव सामन्यांवरून मात्र मी काही ठरवत नाही. मुख्य खेळाडू त्यात फारसे उतरतच नाहीत. क्वार्टरबॅक किती वेळा आडवा झाला हा आकडाही फसवा. आपला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स कधी कधी चेंडू फार वेळ हातात ठेवतो, आणि दोष फळीच्या माथी येतो. त्यापेक्षा समोरचे दोघे एकमेकांना ओलांडून आडवेतिडवे घुसतात तेव्हा गार्ड आणि टॅकल आपापला माणूस न बोलता बदलून घेतात का, ते बघावं. बेक्टन आणि जॉन्सन यांची ही जुळणी बसायला वेळ लागेल. सप्टेंबरमध्ये उजवीकडून थोडी गळती होईल, ऑक्टोबर सरेपर्यंत ही लीगमधली सर्वांत चांगली फळी असेल, असं माझं मत आहे.

पहिला सामना ब्राझीलमध्ये साओ पाउलोला, ग्रीन बे पॅकर्सशी. तुमच्याकडे तेव्हा ७ सप्टेंबरची पहाट असेल, पावणेसहाचा सुमार. त्याच दिवशी गणेश चतुर्थी, म्हणजे तुम्ही उठलेलेच असाल. दादाला मोबाइलवर लावून द्यायला सांगा. चेंडू सोडून द्या, सेंटरच्या उजव्या हाताला उभा असलेला गडी धरून बसा, आणि पूजा आटोपली की त्याचे पाय कसे वाटले ते फोनवर सांगा. आईला नमस्कार, दादाच्या पोरांना पापा.

तुमची,
धाकटी