कोकणकड्यावरचा एकपायी गिर्यारोहक

महोदय,
रविवारच्या पुरवणीतला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा पॅनोरामा (अनेक फ्रेम जोडून केलेला रुंद फोटो) पाहिला. डावीकडच्या गिर्यारोहकाला एकच पाय, दुसरा जोडणीत हरवला! मी लग्नाचे फोटो काढून पोट भरतो, पण कड्यावर गेलो की ट्रायपॉड लावतोच. फ्रेम उभी, एक्सपोजर मॅन्युअल (प्रत्येक फ्रेमला प्रकाश सारखाच, नाहीतर आभाळात पट्टे उमटतात), शेजारच्या फ्रेममध्ये साधारण तिसरा हिस्सा सामाईक. खरी मेख फिरवण्यात आहे. कॅमेरा लेन्सच्या ‘नो पॅरॅलॅक्स’ बिंदूभोवती फिरला नाही, तर जवळचा दगड आणि मागचा कडा जुळत नाहीत. हलणाऱ्या माणसासाठी ‘हगिन’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मास्कची, म्हणजे नको तो भाग झाकायची, सोय आहे. अख्खा माणूस एकाच फ्रेममधून घेता येतो. छापण्याआधी सांधे १०० टक्के झूम करून कुणी बघणार का?

– एक छायाचित्रकार, अकोले