अकार्यक्षमतेची व्याख्या नियमात आहे, नोंद दप्तरात नाही

मा. संपादक महोदय,

निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्यापासून, न शिकवणारे शिक्षक आता आपोआप घरी जातील, असे बोलले जाते. अनुदानित माध्यमिक शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक म्हणून मला हे पटत नाही. परीक्षेतून शिक्षकाला विषय येतो की नाही ते कळेल. तो तासावर वेळेत जातो का, वह्या तपासतो का, हे कळणार नाही.

कायम शिक्षकाला कायद्याने काढताच येत नाही, हा दुसरा समजही चुकीचा आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा कायदा आणि १९८१ची नियमावली आहे. तिच्या २८व्या नियमात अकार्यक्षमता हे सेवासमाप्तीचे कारण म्हणून नोंदलेले असून, स्वतःच्या आटोक्यातील कारणांमुळे अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण न करणे तिच्या व्याख्येतच येते. मात्र त्यासाठी त्रिसदस्यीय समितीपुढे चौकशी व्हावी लागते: एक सदस्य संस्थेचा, एक शिक्षकाने सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक.

अशा एका समितीवर संबंधित शिक्षकाने मला आपल्या बाजूने नेमले होते. त्यांचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे अर्धा राहत असे आणि हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. परंतु संस्थेने सादर केलेल्या दप्तरात त्यांच्या अकरा वर्षांच्या गोपनीय अहवालांवर ‘चांगले’ एवढाच शेरा होता. लॉगबुकमध्ये, म्हणजे मुख्याध्यापकाच्या नोंदवहीत, पाठनिरीक्षणाची एकही नोंद नव्हती, एकही लेखी समज दिलेली नव्हती. प्रतिकूल शेरा लिहून मुदतीत कळवला नाही तर त्या वर्षीचे काम समाधानकारक समजावे, असे नियम १५ सांगतो. मी तेवढेच दाखवून दिले आणि आरोप गळून पडले. दुसऱ्या दिवशी माझ्याच शाळेचे कपाट उघडून मी लिहिलेले अहवाल पाहिले. तिथेही बहुतेक ठिकाणी ‘चांगले’च होते.

आम्ही असे का लिहितो, याची कारणे केवळ भिडेची नाहीत. प्रतिकूल शेऱ्यामागून खुलासे, निवेदने आणि संघटनेचे शिष्टमंडळ येते. शिवाय २०१२ साली भरतीवर बंदी आल्यानंतरच्या काळात रिकामे झालेले पद पुन्हा भरले जाईल याची खात्री नव्हती, तेव्हा नसण्यापेक्षा असलेला बरा, असा हिशेब अनेकांनी केला. सेवासमाप्ती बेकायदा ठरल्यास पुनर्नियुक्तीसह थकीत वेतन देणे हाच सर्वसाधारण नियम, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितले असल्याने संस्थाही कचरतात. तो निकाल मला योग्यच वाटतो. मर्जीतून उतरलेल्या शिक्षकाला घरी बसवणारे संस्थाचालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा सेवासमाप्तीविरुद्ध शिक्षकाला जिथे दाद मागता येते त्या शालेय न्यायाधिकरणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून बडतर्फी सोपी करा, अशी माझी मागणी नाही. नवा शिक्षक कायम होण्यापूर्वी शिक्षण सेवक म्हणून परिवीक्षेवर असतो, त्या तीन वर्षांत माणूस ओळखता येतो, सुधारता येतो आणि न जमल्यास सन्मानाने थांबवताही येतो. परिवीक्षेतील कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवणे मुख्याध्यापकावर आजही बंधनकारक आहे. शासनाने एवढेच करावे की, प्रत्येक सत्रात दोन पाठांच्या निरीक्षणाची, शिक्षकाची सही असलेली आणि प्रत त्याला दिलेली नोंद जोडल्याशिवाय त्याला कायम करण्याचा, म्हणजे नियमित मान्यतेचा, प्रस्ताव स्वीकारू नये. यात शिक्षकाचेही संरक्षण आहे, कारण आकसाने लिहिलेला शेरा तीन वर्षांतल्या सहा सत्रांच्या नोंदींमध्ये फार काळ लपत नाही.

माझ्या कारकिर्दीत मी असे अनेक प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात पाठवले. जातवैधता, बिंदुनामावली (आरक्षणाची नोंदवही), संचमान्यता (मंजूर पदांचा तक्ता) यांतील एक कागद कमी असला तरी फाइल परत यायची. त्या शिक्षकाचा तास कोणी पाहिला होता का, असे मला एकदाही विचारले गेले नाही.

– एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा