रविवारची बैठक : आदिवासींचे हक्क आणि आंतरराष्ट्रीय कायदा

सर्व सभासदांस नमस्कार. रविवारी सकाळी १० वाजता अभ्यासगटाची बैठक आहे. संयुक्त राष्ट्रांचा २००७ सालचा आदिवासी हक्क जाहीरनामा वाचायचा आहे. एकूण ४६ कलमे आहेत. सगळी जमली नाहीत तरी १० आणि ३२ वाचूनच यावे. लोकांना बळजबरीने जमिनीवरून हलवू नये आणि प्रकल्पाआधी त्यांची मोकळी, पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती घ्यावी, हा सगळ्याचा गाभा तिथे आहे.

भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले, पण आपल्याकडे सगळेच मूळनिवासी, अशी भूमिकाही घेतली. ही पळवाट आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर जरूर वाद घाला. जाहीरनामा बंधनकारक नाही, हेही ध्यानात असू द्या.

चर्चेला नियमगिरीचे उदाहरण घेऊ. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि ओडिशातल्या त्या डोंगरावरच्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला. जोडीला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचा सामूहिक वनहक्कही पाहू.

वनहक्क कायदा, २००६ ची प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांनी सोबत आणावी. येणार असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे झेरॉक्स तेवढ्याच काढता येतील.