‘विक्रांत’च्या नावाखाली दुसऱ्याच जहाजाचा डेक विकल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: ‘विक्रांत १९७१, फ्लाइट डेक डायोरामा, स्केल १/७२’ या संचाबाबत तक्रार आणि पूर्ण परताव्याची मागणी.

महोदय,

‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या डेकचा, म्हणजे विमानं उडतात-उतरतात त्या सपाट माथ्याचा, छोटा देखावा (डायोरामा) जोडून बनवायचा वरील संच मी आपल्या संकेतस्थळावरून मागवला. किंमत ६,९०० रुपये, पैसे आगाऊ भरले. बॉक्स वेळेत आला, पॅकिंग उत्तम होतं, कुरियरवाल्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आपल्या ग्राहक सेवेला ई-मेल केला तेव्हा माझी तक्रार ‘तुटलेला भाग’ या खान्यात गेली आणि मला अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागण्यात आला. म्हणून आता सविस्तर लिहितो. काहीही तुटलेलं नाही. आपण मला दुसऱ्याच जहाजाचा डेक विकला आहे, आणि ते कुठल्याही व्हिडिओत तितकंच स्पष्ट दिसेल.

संचातला मुख्य तुकडा म्हणजे रेझिनचा डेक, साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरचा. त्यावर आडव्या लाकडी फळ्या कोरलेल्या आहेत. फळ्यांच्या मध्ये मध्ये विमानं बांधून ठेवायच्या धातूच्या पट्ट्या आहेत. डाव्या कडेला, विमानं खालच्या हँगरमधून (विमानं ठेवायच्या जागेतून) वर आणणाऱ्या लिफ्टसाठी चौकोनी खाच आहे. काम सुबक आहे, याबद्दल वाद नाही. फळ्यांचे सांधेसुद्धा नीट उतरले आहेत. पण आडव्या फळ्या, पट्ट्या आणि कडेची लिफ्ट एकत्र दिसली की मॉडेल बनवणारा कोणीही सांगेल, हा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन नौदलाच्या एसेक्स वर्गातल्या जहाजाचा डेक आहे. पॅसिफिकमध्ये जपानविरुद्ध लढलेली ती जहाजं. अमेरिकन पद्धतीत उड्डाणाचा डेक पातळ पोलादावर लाकडी फळ्या टाकून करत, म्हणजे बॉम्ब पडून भोक पडलं तर फळ्या बदलून विमानं पुन्हा लवकर उडवता येत.

‘विक्रांत’ ब्रिटिश बांधणीची. १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने तिची बांधणी सुरू झाली, १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, युद्ध संपलं आणि ती अर्धवटच राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टमध्ये पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. तिच्या वर्गातल्या जहाजांच्या डेकला जाड चिलखत नव्हतं हे खरं, पण डेक पोलादीच होता. लिफ्ट दोन, दोन्ही डेकच्या मध्यरेषेवर. कडेला एकही नाही. आमच्या इमारतीत नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात, सत्तरच्या दशकात ते तिच्या फ्लाइट डेकवर कामाला होते. मी आपला तुकडा त्यांना दाखवला. त्यांनी अंगठ्याने फळ्या चाचपल्या आणि म्हणाले, “लाकूड? अरे, आमच्याकडे मे महिन्यात बुटातून चटका बसायचा.” यापुढे मला काही बोलायची गरज उरली नाही.

आपल्या प्रतिनिधीने ई-मेलमध्ये लिहिलं आहे की डेकचा पोत हा ‘किरकोळ फरक’ आहे आणि रंग दिल्यावर तो जाणवणार नाही. रंगाने फळीची खाच बुजत नाही. पुटी भरून, घासून, प्रायमर मारून सगळा डेक सपाट करायचा असेल तर ६,९०० रुपये कशाचे? हार्डवेअरच्या दुकानातून प्लायचा तुकडा आणून त्यावर प्लॅस्टिक शीट चिकटवली असती.

त्याहून मोठी गोष्ट धावपट्टीची. १९५७ नंतरच्या कामात ‘विक्रांत’ला जहाजाच्या मध्यरेषेशी तिरकी धावपट्टी, वाफेच्या जोरावर विमान डेकवरून पुढे भिरकावणारा कॅटापल्ट आणि उतरणाऱ्या वैमानिकासाठी आरशाची यंत्रणा बसवली गेली. तिरकी धावपट्टी असली की उतरणाऱ्या विमानाचा हूक त्याला थांबवण्यासाठी डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला नाही तरी वैमानिक इंजिनाला पूर्ण जोर देऊन डाव्या बाजूने पुन्हा हवेत जातो, पुढे उभ्या असलेल्या विमानांवर आदळत नाही. सरळ डेकच्या जमान्यात त्या विमानांच्या आड जाळी उभारावी लागे. म्हणजे डायोरामात कोणतं विमान कुठे उभं करायचं, कोणाचे पंख मिटलेले दाखवायचे, माणसं कुठे उभी करायची, हे सगळं त्या तिरक्या रेषेवरून ठरतं. आपल्या डिकॅल शीटवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या कागदावर) एकच सरळ मध्यरेषा आहे. ती लावली की डेक आपोआप १९४४ चा होतो.

आता डिकॅल. भारतीय विमानांवरच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असतो. शीटवर बाहेर हिरवा आणि आत केशरी छापला आहे, शीटवरच्या प्रत्येक चिन्हात. शिवाय पांढरं वर्तुळ अर्धा मिलिमीटर सरकलेलं आहे, त्यामुळे एका बाजूला हिरवा थेट केशरीला भिडतो. एक चिन्ह पाण्यात टाकून पाहिलं तर कागदावरून सुटताच त्याचे तुकडे झाले. हा एकच दोष असता तर मी नवीन शीट मागून गप्प बसलो असतो.

बॉक्सवर लिहिलं आहे, ‘सी हॉक, पंख मिटण्याच्या सोयीसह’. सी हॉक म्हणजे ‘विक्रांत’वरचं लढाऊ जेट विमान. त्याचे पंख वरच्या बाजूला मिटतात, तसे मिटल्याशिवाय हँगरमध्ये आणि लिफ्टवर जागा पुरत नाही. स्प्रूवर (सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर) पंख एकसंध आहेत. करवतीने कापायचे म्हटले तर कापलेल्या जागी दाखवायला बिजागरी नाही, आतल्या फासळ्या नाहीत, काहीच नाही. सूचनापत्रातही त्याचा उल्लेख नाही. मग ही ‘सोय’ बॉक्सवर कुठून आली? विमानांचे साचे मात्र चांगले आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. सी हॉकच्या इंजिनाचा झोत शेपटीतून न जाता पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, ती भोकं अगदी बरोबर कोरली आहेत. आलिझे या पाणबुड्या शोधणाऱ्या विमानाच्या पोटाखालचा रडारचा घुमटही नीट बसतो. ज्याने हे साचे केले त्याला काम कळतं. डेक बॉक्समध्ये टाकणाऱ्याला त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही, एवढंच.

बॉक्सच्या झाकणावरच्या चित्राबद्दलही बोलायला हवं. त्यात पुढच्या टोकाला वर चढलेला उतार दिसतो, ज्याला स्की-जंप म्हणतात, आणि त्यावरून एक सी हॅरियर हे लढाऊ विमान झेपावतंय. खाली तारीख डिसेंबर १९७१. सी हॅरियर आपल्याकडे आलं ऐंशीच्या दशकात आणि तो उतारही त्या विमानासाठीच नंतर बांधला गेला. मुंबईत संग्रहालय म्हणून उभ्या असलेल्या जहाजाचा एखादा फोटो पाहून हे चित्र काढलेलं असावं, कारण तेव्हा उतार होताच. बॉक्सच्या मागे तर छापलं आहे की ती कोचीत बांधली गेली. कोचीत बांधली ती २०२२ मध्ये दाखल झालेली नवी ‘विक्रांत’. छापायच्या आधी हे कोणी एकदा वाचून पाहिलं असतं तर?

आपल्याला हे सगळं एका छंदिष्टाचं वेड वाटेल. पण मी जो प्रसंग उभा करतोय त्यात डेकच सगळं आहे. १९७१ मध्ये ‘विक्रांत’च्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले होते. त्या बॉयलरविना ती निघाली, म्हणजे वेगाला कात्री. विमानवाहू जहाज विमान सोडताना वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जोरात धावतं, डेकवरून वारा मिळावा म्हणून. वेग कमी असेल तर तो वारा कमी पडतो आणि सगळा भार कॅटापल्टवर येतो. कॅटापल्टची वाफही त्याच बॉयलरमधून येणार. अशा अवस्थेत ४ डिसेंबरला तिच्या सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला आणि त्याच दिवशी चितगाववरही. तिच्या मागावर पाठवलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ तोपर्यंत विशाखापट्टणमजवळ तळाला गेली होती. मला दाखवायचा आहे तो कॅटापल्टवर तारेने अडकवलेला पहिला सी हॉक, खाली फटीतून निसटणारी वाफ, पोलादावर टायरचे काळे पट्टे, तेलाचे डाग आणि खारट हवेने आलेला गंज. लाकडी फळ्यांवर यातलं काय दाखवू?

आणि जहाज जागेवर असतं तर मी टेप घेऊन गेलो असतो, आपल्या भरवशावर राहिलो नसतो. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिली, २०१२ मध्ये तेही बंद झालं आणि २०१४ मध्ये लिलावात विकून मुंबईतल्या दारुखान्यात, जहाजं तोडायच्या जागी, तिचं भंगार केलं गेलं. आता जुने फोटो, नकाशे आणि काकांसारख्यांच्या आठवणी एवढंच हाताशी आहे. म्हणून बॉक्सवर ‘विक्रांत’ लिहिताना विक्रेत्याने थोडी जबाबदारी घ्यावी, अशी माझी अपेक्षा आहे. २१३ मीटरचं जहाज १/७२ मध्ये जवळजवळ तीन मीटर होतं, ते सगळं कोणी घरात ठेवू शकत नाही हे मला कळतं; डेकचा तुकडाच विकावा लागतो. पण तो तुकडा त्याच जहाजाचा असावा.

आपल्या शेवटच्या ई-मेलमध्ये पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन आलं आहे. ते मी वापरणार नाही. ‘चित्रे प्रातिनिधिक आहेत’ ही बारीक अक्षरातली ओळ मला दाखवून देण्यात आली. चित्र प्रातिनिधिक असू शकतं, वस्तू नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार वस्तू जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही त्याच नियमांत आहे. माझ्या तक्रारीचं निवारण म्हणून मात्र कूपनच आलं.

माझी मागणी अशी: ६,९०० रुपये पूर्ण परत मिळावेत आणि संच परत नेण्याचा खर्च आपण करावा. केवळ डेक बदलून देणार असाल तर तो पोलादी, तिरक्या धावपट्टीचा आणि कडेच्या लिफ्टच्या खाचेविना हवा, सोबत बरोबर छापलेली डिकॅल शीट हवी. त्यालाही माझी तयारी आहे. दरम्यान संकेतस्थळावरच्या या संचाचं नाव आणि चित्र बदलावं. तो डेक ‘एसेक्स वर्ग, पॅसिफिक’ म्हणून विकलात तर चांगला विकला जाईल, बहुधा मीही घेईन. ‘विक्रांत’ म्हणून विकत राहिलात तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे माझ्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथेच अर्ज करता येतो, त्यामुळे हेलपाटे मला पडणार नाहीत.

सोबत बिलाची प्रत, डेकचे आणि डिकॅल शीटचे जवळून काढलेले फोटो, बॉक्सच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि आतापर्यंतचा ई-मेल व्यवहार जोडला आहे. डेकच्या फोटोत बाजूला पट्टी ठेवली आहे, मापं त्यावरून पाहता येतील.

आपला,
(सही)
ग्राहक, डोंबिवली (पूर्व)