वही आम्ही ठेवू, पण ती ग्राह्य कोण धरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेट दीर्घकाळ बंद राहिल्यास छोट्या व्यावसायिकांनी कोणती तयारी ठेवावी, हे सांगणारा आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. इन्व्हर्टर ठेवा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी घ्या, छापील बिलबुक आणि सुटे पैसे हाताशी असू द्या, हे सारे रास्तच आहे. मात्र 'सेवा बंद असल्याचे ग्राहकांना व्हॉट्सॲपवर कळवा' हा सल्ला वाचल्यावर लेखकमहाशयांनी इंटरनेट बंद पडलेले स्वतः कधी अनुभवले आहे काय, अशी शंका आली.

मी घाटंजी तालुक्यात कृषी केंद्र चालवतो आणि लेखातील बहुतेक साधने माझ्या दुकानात आधीपासूनच आहेत. गेल्या खरिपात, चांगला पाऊस होऊन वावरात ओल असताना आणि कपाशीला युरियाचा पहिला हप्ता देण्याची घाई चालू असताना, रस्ता रुंदीकरणाच्या कामावरील जेसीबीने केबल तोडली. माझ्याकडे दोन कंपन्यांची सिमकार्डे होती, पण दोन्हींच्या टॉवरकडे जाणारी केबल एकच असल्यामुळे दोन्ही एकाच क्षणी बंद पडली. इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता, गोदामात युरिया होता, दारात उभ्या शेतकऱ्यांच्या खिशात रोख रक्कम होती, आणि तरीही मला युरियाची एक चुंगडीसुद्धा (पोते) विकता येत नव्हती.

याचे कारण लेखात कुठेच नाही. २०१८ पासून अनुदानित खताची विक्री पॉस (विक्री नोंदवण्याच्या) मशीनवर नोंदवावी लागते. शेतकऱ्याच्या अंगठ्याची आधारशी पडताळणी नेटवर्कवरून होते आणि त्या नोंदीवरच खत कंपनीला अनुदान मिळते. "भाऊ, पैसे घ्या अन् चुंगडी द्या, आंगठा मंग येऊन लावतो," असे एक ओळखीचे म्हातारे शेतकरी काकुळतीने सांगत होते. द्यायला माझी ना नव्हती. पण गोदामातला साठा आणि मशीनमध्ये नोंदलेला साठा जुळला नाही, तर तपासणीत नोटीस मला येते आणि परवान्यावर गदा माझ्याच येते. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले. ओल काही मशीन सुरू होण्याची वाट पाहत थांबत नाही.

'इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्यासाठी *९९# वापरा' हा सल्लाही अर्धाच आहे. प्रशासनाने आदेश काढून केवळ इंटरनेट बंद केले असेल आणि फोन लागत असतील, तेव्हा ती सेवा चालते. केबल तुटून टॉवरच मुका झाला, तर तीही चालत नाही. शिवाय तिची मर्यादा एका व्यवहाराला ५,००० रुपयांची, म्हणजे १,३५० रुपयांची डीएपी खताची तीन पोती बसतात, चौथे बसत नाही.

तेव्हा तयारीचा सारा उपदेश दुकानदारालाच का? खोदकामापूर्वी केबलमालकाला सूचना देता यावी म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले. आमच्या रस्त्यावरच्या कंत्राटदाराला त्याचे नावही ठाऊक नव्हते. नेटवर्क बंद असल्याची खात्री तालुका पातळीवर करून, शेतकऱ्याचा आधार क्रमांक व सही घेऊन वहीवर खत विकण्याची आणि नोंदी नंतर मशीनवर चढवण्याची लेखी मुभा कृषी विभागाने द्यावी, एवढीच आमची मागणी आहे. वही आम्ही आजही ठेवतो, तीही कार्बन लावून. तपासणीला आलेला अधिकारी ती ग्राह्य धरणार नसेल, तर तिचा उपयोग उधारी लिहिण्यापुरताच.

जाता जाता आणखी एक. लेखाच्या शेवटी 'सविस्तर माहितीसाठी क्यूआर कोड स्कॅन करा' असे छापले आहे, ते इंटरनेट बंद असताना कसे करावे, हेही कळवावे. त्याच पानावर पूर्वी बाजार समित्यांचे भाव येत असत. हंगामात मोठ्या जाहिराती आल्या की ते गाळले जातात आणि 'भाव संकेतस्थळावर पाहा' अशी ओळ टाकली जाते. नेटवर्क नसते त्या दिवशी आमच्या गावात तुरीचा आणि कापसाचा भाव कळण्याचे साधन आपला अंकच असतो, म्हणून तो तक्ता, लहान अक्षरांत का होईना, रोज छापावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक कृषी केंद्रचालक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ