तक्रार : सभाधीटपणाच्या चित्रपुस्तकातली आठ पाने गायब

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

विषय : सदोष प्रती बदलून मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आमच्या बालवाचनालयाने आपल्याकडून घेतलेल्या २५ प्रतींपैकी ९ प्रतींत पान १७ ते २४ नाहीत. त्यांच्या जागी ९ ते १६ हीच पाने पुन्हा आली आहेत. बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.

पुस्तक ३२ पानांचे, म्हणजे आठ-आठ पानांचे चार फर्मे (छापील कागदाच्या घड्या). ते क्रमाने एकावर एक रचताना, म्हणजे जुळणी करताना, तिसऱ्याऐवजी दुसराच फर्मा दोनदा उचलला गेला, हे उघड आहे. फर्म्यांच्या पाठीवर पायऱ्यांसारख्या उतरत्या काळ्या खुणा छापल्या असत्या, तर गोंद लावण्याआधी नुसत्या नजरेने चूक सापडली असती.

एखाद्या साध्या गोष्टीतली पाने गेली तर मुले अंदाजाने पुढे सरकतात. इथे मात्र पुस्तकाचा गाभाच गेला आहे. चांगल्या प्रतींत मुलगी आपले भाषण आधी आजीला ऐकवते, मग दोन मैत्रिणींना, मग वर्गात बाकाजवळ उभी राहून, मग फळ्यासमोर. आणि परिपाठात एका ओळीचा सुविचार सांगते. एक पायरी अंगवळणी पडली की पुढची. (हा भाग खरोखर उत्तम जमला आहे, म्हणूनच एवढी चिडचिड.) सदोष प्रतीत ती दोनदा आरशासमोर सराव करते आणि पान उलटताच थेट १५ ऑगस्टला माइकसमोर! बुजऱ्या मुलाला नेमके असे ढकलू नये. तो गर्दीपुढे अडखळतो, पुढच्या वेळी काहीतरी निमित्त काढून टाळतो, टाळल्यावर सुटल्यासारखे वाटते आणि भीती आणखी मुरते. या ९ प्रती आम्ही मुलांना दिलेल्या नाहीत.

उरलेल्या प्रतींतही पान २८-२९ वरचे जोडपानी चित्र बिघडले आहे. मुलीचा चेहरा बरोबर मधोमध आहे. परफेक्ट बाइंडिंगसाठी (पाने पाठीकडून गोंदाने चिकटवण्यासाठी) फर्म्याची पाठ कापली जाते. तेवढी पट्टी गेली आणि उरलेले गोंदाच्या घडीत. नाक दिसतच नाही, डोळे एकमेकांना चिकटले आहेत. ३२ पानांना सेंटर पिन (मधल्या घडीवर मारलेली पिन) पुरते, पुस्तकही सपाट उघडते. ते शक्य नसेल तर निदान चेहरा एका पानावर घ्या.

पान ३१ वरच्या पालकांसाठीच्या सूचनांपैकी दोन बदलाव्यात. श्वास १० सेकंद रोखायला सांगितले आहे. त्याने लहान मुलाचा गळा उलट आवळतो. तीन आकडे मोजत श्वास आत, पाच मोजत सावकाश बाहेर, एवढे पुरे. दुसरी सूचना भाषण शब्दन्‌शब्द पाठ करण्याची. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ धडाधड येते, पण पुढे एक शब्द निसटला की गाडी अडते. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ, मधले तीन मुद्दे तीन चित्रांच्या क्रमाने लक्षात, असे लिहावे.

आपल्या खर्चाने सदोष प्रती परत नेऊन ९ चांगल्या प्रती १५ दिवसांत पाठवाव्यात. तोवर पान १७ ते २४ ची पीडीएफ द्यावी आणि याच छपाईतला गोदामातला साठा तपासावा. तीच जुळणी इतर ग्राहकांकडेही गेली असणार. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवू आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाऊ.

आपले,
व्यवस्थापन समिती, बालवाचनालय