कुणाची गं तू?

उत्तर यूइस्ट, स्कॉटलंड
जुलैचा दुसरा आठवडा

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की, "त्या एवढ्याशा बेटावर सुट्टीच्या दिवशी करतेस तरी काय?" उन्हाळ्यात मी प्रदर्शनं बघते, आत्या. बघते आणि मांडायलाही मदत करते. हे आई-बाबांच्या आधी तुला सांगायला हवं, कारण पेन्सिल धरायला मला तूच शिकवलंस.

सध्या रात्री साडेदहालाही बाहेर उजेड असतो. पश्चिम किनाऱ्याला शंखशिंपल्यांच्या वाळूची सपाट जमीन आहे, तिला गेलिक भाषेत 'माखर' म्हणतात. जून-जुलैत ती फुलांनी अशी भरून जाते की मला हा शब्द आपल्याच मखराचा वाटतो. बेटावर माणसं हजार-बाराशेच्या आसपास. पण या दोन-तीन महिन्यांत फेरीने पाहुणे येतात. मग बंद पडलेली शाळा, गावाचं सभागृह, कुणाचं जुनं कोठार, जिथे भिंत आहे तिथे काही ना काही टांगलं जातं. रविवारी मात्र बहुतेक सगळं बंद. उत्तरेकडे प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक जास्त आहेत आणि त्यांच्यासाठी रविवार देवाचा.

लॉखमॅडीच्या धक्क्याजवळ पांढऱ्या भिंतींची एक इमारत आहे, ताय केर्सावाग. १७४१ मध्ये ती खानावळ म्हणून बांधली. आज तिच्यात संग्रहालय आणि कलादालन एकाच छपराखाली आहेत. मला हेच आवडतं. एका खोलीत आजच्या चित्रकाराचं काम बघायचं आणि दाराबाहेर पडलं की पणज्यांच्या वस्तू समोर. कला वेगळी आणि वारसा वेगळा, अशी वाटणी इथे कुणी करत नाही.

तिथून थोडं चालत गेलं की पाण्याकाठी दगडांची, गवताच्या छपराची एक बुटकी झोपडी लागते. ख्रिस ड्ररी या कलावंताने १९९७ मध्ये ती रचली, नाव 'सावलीची झोपडी'. वळणाच्या अरुंद वाटेने आत शिरायचं आणि अंधारात गप्प उभं राहायचं. भिंतीत एक भिंग बसवलंय. डोळे सरावले की समोरच्या भिंतीवर बाहेरचं पाणी हळूहळू उमटू लागतं, आणि ते हलत असतं! तू असतीस तर तिथून लवकर निघाली नसतीस.

पण मला खरं सांगायचंय ते आमच्या छोट्या प्रदर्शनाबद्दल. या बेटांवर जागोजागी 'कोमन एखट्री' म्हणजे गावच्या इतिहासाची मंडळं आहेत. पहिलं १९७७ मध्ये लुइस बेटाच्या उत्तर टोकाला, नेसमध्ये निघालं. कुणी प्राध्यापक नाहीत त्यात. मेंढ्या पाळणारे, कोळी, निवृत्त शिक्षिका अशी माणसं जुने फोटो, पत्रं, शाळेचे हजेरीपट जपतात. यंदा आमच्या इथे जुन्या शाळेच्या वर्गात फोटो लावलेत आणि प्रत्येकाखाली एक लिफाफा, कोऱ्या चिठ्ठ्या, एक पेन्सिल. फोटोतलं कुणी ओळखू आलं तर लिहा. बस, एवढंच.

मी आमच्या केअर होममधल्या एक्क्याण्णव वर्षांच्या आजींना घेऊन गेले. व्हीलचेअर हळूहळू ढकलत होते. एका फोटोपाशी त्यांनी हात वर केला. तीन बायका पाठीवर टोपल्यांतून पीट वाहून नेतायत. (पीट म्हणजे दलदलीतली काळी माती. कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात.) दोघींची नावं कुणीतरी आधीच लिहिली होती. मधली पाठमोरी होती, तिच्या चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "टोपली आमची आहे. वडील डावखुरे होते, त्यांची वीण उलटी जायची." ती त्यांची थोरली बहीण होती. चेहरा दिसत नव्हता, टोपलीच्या विणीवरून ओळखली!

चिठ्ठी मी लिहायला घेतली, नाव आणि आडनाव. त्यांनी मला थांबवलं. इथे निम्म्या गावाचं आडनाव एकच, त्याने कळणार काय? मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: अमकी, तमक्याची मुलगी, त्याच्या बापाची नात. इथले म्हातारे नव्या माणसाला विचारतात, "को लेश ऊ?" म्हणजे शब्दशः "तू कुणाची?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं. "कुणाची गं तू?" हे असं मला किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मनात घोळतेय. या बेटांचे गाजलेले फोटो बरेचसे बाहेरून आलेल्यांनी काढलेत. मार्गरेट फे शॉ ही अमेरिकन बाई १९२९ मध्ये दक्षिण यूइस्टला आली, दोन बहिणींच्या घरी सहा वर्षं राहिली. ती गाणी टिपून घ्यायची, फोटो काढायची. १९५४ मध्ये पॉल स्ट्रँड आला, तोही अमेरिकन. दोघांचं काम फार मोलाचं आहे. पण कॅमेरा बाहेरून येऊ शकतो, टोपलीची वीण ओळखणारा डोळा बाहेरून येत नाही. हा डोळा इथेच मिळतो आणि तो म्हातारा होत चाललाय. म्हणून मला या चिठ्ठ्यांची घाई वाटते. दर हिवाळ्यात आमच्या केअर होममधल्या एक-दोन खोल्या रिकाम्या होतात.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर सोलसची हकिकत लावलीय. १८४९ मध्ये जमीनदाराने ते गाव रिकामं करायला घेतलं. इन्व्हरनेसहून पोलीस आले. बायकांनी दगड उचलून त्यांना तोंड दिलं, तरी घरं गेलीच. अशा किती कुटुंबांना या बेटांवरून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जावं लागलं. आता त्यांची पणतवंडं उन्हाळ्यात येतात. परवा एक कॅनडियन गृहस्थ त्या भिंतीसमोर टोपी काढून उभे होते. आमच्या मंडळातल्या आजोबांनी त्यांना तोच "कुणाचे तुम्ही?" हा प्रश्न विचारला, इंग्रजीतून. गृहस्थांनी खिशातून वंशावळीचा कागद काढला आणि दोघं खिडकीत जाऊन बसले. मी दोनदा चहा नेऊन दिला.

लोकरीचंही एक टेबल आहे. खडकावरच्या क्रोटल नावाच्या दगडफुलाने लोकर तांबूस रंगते. त्या रंगाचे मोजे घालून कोळी समुद्रावर जात नसत, कारण खडकावरून आलेलं खडकाकडेच परत जातं असं मानायचे.

गेल्या शनिवारी मी दक्षिण यूइस्टच्या किल्डोनन संग्रहालयातही जाऊन आले. आमच्या बेटाच्या दक्षिणेच्या खाडीवर १९६० मध्ये बांधरस्ता झाला, त्याआधी ती ओहोटी बघून ओलांडावी लागे. तिथे क्लॅनरॅनल्ड घराण्याचं मानचिन्ह कोरलेला दगड ठेवलाय. १९९० मध्ये हाउमोरच्या पडक्या चर्चमधून तो चोरीला गेला आणि १९९५ मध्ये थेट लंडनला सापडला. आता घरी आहे.

आत्या, एक काम करशील? तुझ्या लाल ट्रंकेतले फोटो बाहेर काढ. मागे नावं लिही, नुसती नावं नाही, कुणाची कोण तेही. मऊ पेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढून उठतो. विहिरीवरच्या त्या फोटोत आजीच्या मागे घागर घेतलेली बाई कोण, हे मला ठाऊक नाही. बाबांनाही नाही. आधी तोच फोटो घे.

तुझी,
मीनू